फेसाळ पाण्यात उतरण्याआधी : राफ्टिंगविषयी वाचकांचे प्रश्न

परतीचा पाऊस ओसरला आणि दिवाळीच्या सुटीचे बेत ठरू लागले की राफ्टिंगविषयीची पत्रे वाढतात. यंदा नाशिक आणि आसपासच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही ऑफिसातले ११ जण दिवाळीनंतरच्या शनिवारी कोलाडला जाणार आहोत. पहाटे तीनला नाशिक सोडायचे, राफ्टिंग करायचे आणि रात्री घरी यायचे. एका दिवसात जमेल ना? — वाचक, गंगापूर रोड

नाही. नाशिक ते कोलाड अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण पुढे भिवंडी, कळंबोली, पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे हा रस्ता सुटीच्या दिवसांत तुंबतो. सहा तास धरून चाला. म्हणजे तुम्ही नऊच्या सुमारास पोहोचाल, आणि तोवर नदीवरची सकाळची तुकडी निघून गेलेली असेल.

या नदीत उशीर का चालत नाही, ते समजून घ्या. कोलाडच्या कुंडलिका नदीत पावसाळ्यानंतर जे राफ्टिंग होते ते तिच्या स्वतःच्या पाण्यावर नव्हे. मुळशी धरणातले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, वीज तयार करते आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. हे धरण ज्या मुळा नदीवर आहे ती खरे तर पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी नदी. तिचे पाणी १९२७ पासून असे पश्चिमेला वळवलेले आहे. त्यासाठी बुडालेल्या गावांकरिता सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढवला होता, हे नदीवर जाणाऱ्याला ठाऊक असलेले बरे. आज राफ्टला तरंगवणारे पाणी तेच. ते विजेच्या गरजेप्रमाणे, बहुधा सकाळी, ठरावीक तासच सोडतात. राफ्ट त्या पाण्याच्या पाठीवर बसून खाली जातात. पाणी उतरू लागले की खडक वर येतात, राफ्ट अडकतात आणि रॅपिडची, म्हणजे खडकांवरून उसळत जाणाऱ्या वेगवान पाण्याची, नुसती खळखळ उरते. म्हणून गाइड नऊच्या माणसासाठी थांबत नाही.

शुक्रवारी दुपारी निघा, कोलाड परिसरात मुक्काम करा, सकाळी सात-साडेसातला हलका नाश्ता उरका आणि दिलेल्या वेळेआधी अर्धा तास हजर राहा. आदल्या संध्याकाळी आयोजकाला फोन करून दुसऱ्या दिवशी पाणी सुटणार आहे ना आणि किती वाजता, हे विचारून घ्या. परतताना गाडी चालवणारा माणूस राफ्टमध्ये बसलेला नसेल तर उत्तम. दोन तास वल्ही मारून, ऊन खाऊन, वर जेवण झाल्यावर सहा तासांचे ड्रायव्हिंग हा या सहलीतला सर्वांत धोक्याचा भाग ठरू शकतो.

आणखी एक. अकरा जणांना दोन राफ्ट लागतील. ८ आणि ३ अशी वाटणी मान्य करू नका, ६ आणि ५ अशी करा. तीन माणसांची राफ्ट हलकी असते, तिला लाट फोडून पलीकडे जायला जोर पुरत नाही. ती लाटेत थबकते, आडवी होते आणि उलटते.

प्रश्न : गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदावरीला भरपूर पाणी येते. मग नाशिकमध्येच राफ्टिंग का होत नाही? आम्ही मित्र रबरी बोट आणून प्रयत्न करावा म्हणतो. — वाचक, पंचवटी

कृपया हा विचार सोडून द्या. नदीला पाणी असणे ही राफ्टिंगची फक्त एक अट आहे. पाणी कशावरून जाते, हे त्याहून महत्त्वाचे.

गोदावरी शहरातून जाते ती घाटांच्या भिंतींमधून, पुलांच्या खांबांमधून आणि आडव्या बंधाऱ्यांवरून. रामकुंडाच्या परिसरातले जुने दगडी सांडवे तुम्ही रोज बघता. विसर्ग वाढला की ते पाण्याखाली जातात आणि वरून नदी एकसारखी दिसू लागते. धोका तेथेच आहे. सांडव्यावरून किंवा बंधाऱ्यावरून पडणारे पाणी थेट तळाशी जाते आणि पुढे गेल्यावर वर येते. वर आलेल्या पाण्याचा काही भाग पृष्ठभागावरून मागे, भिंतीकडे परततो. त्यात सापडलेली वस्तू पुन्हा भिंतीपाशी ओढली जाते, खाली दाबली जाते, थोड्या अंतरावर वर येते आणि पुन्हा मागे जाते. नैसर्गिक खडकामागेही असा उलटा प्रवाह असतो, पण त्याला बहुतेकदा कुठेतरी उघडी कड असते आणि माणूस तिथून बाहेर फेकला जातो. बंधाऱ्याची भिंत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ असते, त्यामुळे अशी फट मिळत नाही. शिवाय त्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की लाइफ जॅकेटही नेहमीसारखे उचलत नाही. चार-पाच फुटांचा किरकोळ बंधारा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही, याचे कारण हे.

आता पाण्याचा जोर. बातमीत १० हजार क्युसेक विसर्ग असे आपण सहज वाचतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. म्हणजे १० हजार क्युसेकला दर सेकंदाला सुमारे २८३ टन पाणी तुमच्यासमोरून जाते. वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की गावकरी पूर बघायला घाटावर येतात, आणि त्याच पाण्यात झाडांच्या फांद्या, दोर, तारा, वाहून आलेले सामान असते. पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जाते, माणूस जात नाही. तो त्यात दाबून धरला जातो. राफ्टिंगचे गाइड खडकाहून अशा झाडाला जास्त घाबरतात.

बाजारात मिळणारी रबरी बोट तलावासाठी असते. नदीची राफ्ट जाड, रबराचा लेप दिलेल्या कापडाची असते, तिच्या कडेच्या नळ्यांत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात, म्हणजे एक फाटला तरी बाकीचे तरंगतात. तिच्या तळाला कडेने भोके असतात, त्यांतून आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. साध्या बोटीत पहिल्याच लाटेत पाणी भरते आणि मग ती वळवता येत नाही.

प्रश्न : वय ४६, पोहता अजिबात येत नाही. भिशीच्या मैत्रिणी आग्रह करताहेत. पोहता येत नसताना जावे का? पडले तर काय करायचे? — वाचक, सिडको

कोलाडच्या नदीचा दर्जा २ ते ३ धरला जातो (मोजपट्टी १ ते ६ अशी आहे, १ सर्वांत सोपे आणि ६ सर्वांत अवघड). या दर्जाच्या पाण्यावर, चांगल्या गाइडबरोबर, पोहता न येणारी माणसे जातात आणि तुम्हीही जाऊ शकता. मात्र पाण्याची भीती इतकी असेल की चेहऱ्यावर पाणी आल्यावर श्वास अडकतो, तर आधी नाशिकच्या एखाद्या जलतरण तलावात कमरेइतक्या पाण्यात चार-सहा दिवस तोंड बुडवून श्वास सोडण्याचा सराव करा. पोहायला शिकण्याइतकाच हा सराव उपयोगी पडतो.

माणसाला पाण्यात डोके वर ठेवायला फक्त ३ ते ५ किलोचा आधार लागतो. राफ्टिंगचे लाइफ जॅकेट ७ ते १० किलोचा देते. तरीही माणसे घाबरीघुबरी होतात, कारण जॅकेट सैल असते. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते, कानापर्यंत येते, आणि माणूस त्याच्या आत खाली लोंबकळतो. म्हणून काठावरच ही तपासणी करा. सगळे बक्कल लावा. पट्टे खालून वर घट्ट करत या, कमरेचा आधी, छातीचा नंतर. मग मैत्रिणीला तुमच्या दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून जोराने वर खेचायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत आले तर ते मोठे आहे किंवा सैल आहे. दीर्घ श्वास घेता यायला हवा, पण जॅकेट जागचे हलायला नको. बक्कल तुटके असेल, फोम चुरडलेला असेल, शिवण उसवलेली असेल तर दुसरे मागा. मागायला अजिबात संकोचू नका.

हेल्मेट कपाळ झाकून बसले पाहिजे, मागे सरकलेले नको. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे मावतील इतकेच सैल ठेवा.

आता पडल्यावर काय करायचे. पडल्यावर पहिले दोन-तीन सेकंद पाण्याखाली जातात, मग जॅकेट वर आणते. तोंड वर आल्यावर श्वास घ्या आणि बघा, राफ्ट हाताशी आहे का. असेल तर तिच्या कडेने बांधलेली दोरी धरा. राफ्ट आणि खडक यांच्या मध्ये मात्र राहू नका, राफ्टच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येते त्या बाजूला राहा. राफ्ट दूर असेल तर पाठीवर झोपा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, तळवे पाण्याच्या वर दिसतील असे. नाक आणि पायाची बोटे वर, गुडघे किंचित वाकलेले, कंबर उचललेली. खडक आला तर पायाने ढकलून बाजूला व्हायचे. हात पसरून दिशा धरायची.

सर्वांत महत्त्वाचे : उभे राहू नका. गुडघ्याइतके पाणी दिसले तरी वाहत्या पाण्यात पाय टेकवायचा नाही. पाय दोन दगडांत अडकला तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे वाकवते आणि तोंड पाण्यात दाबून धरते. उथळ पाण्यात चांगली पोहणारी माणसे दगावतात ती अशी. हात तळाला टेकू लागले की मगच बसायचे आणि मग उठायचे.

गाइडने दोरीची पिशवी फेकली तर पिशवी नव्हे, दोरी धरा. दोन्ही हातांनी छातीशी घट्ट, पाठ गाइडकडे, दोरी खांद्यावरून मागे गेलेली. तोंड दोरीकडे केले तर सगळे पाणी तोंडावर येते. दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका, वेळ पडली तर सोडता आली पाहिजे.

मैत्रिणीला वर ओढायची वेळ तुमच्यावरही येईल. तिचे हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. तिच्या जॅकेटचे दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरा, गुडघे राफ्टच्या नळीला टेकवा आणि स्वतः मागे आडवे पडा. तुमच्या वजनाने ती आत येते, ताकद फारशी लागत नाही.

राफ्ट उलटून तुम्ही तिच्या खाली सापडलात तर हात वर करून रबराला लावा आणि एकाच दिशेने हात पुढे टाकत जा. दिशा बदलली नाही की दोन-चार हातांत उजेड दिसतो.

हे सगळे वाचून निघालात तरी काठावर गाइडला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. शेवटच्या टप्प्यावर पाणी संथ झाले की गाइड पाण्यात उतरू देतात. तेव्हा पाय वर करून तरंगण्याची ही स्थिती एकदा नक्की करून पाहा.

प्रश्न : गाइडच्या सूचना इंग्रजीत असतात आणि गडबडीत समजत नाहीत. थोडक्यात सांगाल का? — वाचक, नाशिकरोड

सूचना सहा-सातच असतात. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे वल्हवा, ‘बॅक’ म्हणजे उलटे. ‘लेफ्ट बॅक’ म्हटले की डावीकडचे उलटे वल्हवतात आणि उजवीकडचे पुढे, राफ्ट डावीकडे वळते. ‘राइट बॅक’ त्याच्या उलट. ‘स्टॉप’ म्हणजे वल्हे पाण्याबाहेर काढून मांडीवर. ‘गेट डाउन’ म्हणजे कडेवरून आत, तळाशी बसा, एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने वल्हे.

‘हाय साइड’ ही सूचना क्वचित येते, पण चुकली तर महागात पडते. राफ्ट आडवी होऊन खडकाला टेकली की सगळ्यांनी ताबडतोब खडकाच्या बाजूला झेप घ्यायची. मन उलट सांगते, खडकापासून लांब सरका म्हणून. तसे केले की वरच्या बाजूची नळी दबते, तिच्यावरून पाणी आत घुसते आणि राफ्ट खडकाला गुंडाळली जाते.

वल्ह्याच्या टोकाला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची मूठ असते. एक हात सतत त्या मुठीवर हवा. राफ्टिंगमध्ये दात पडतात आणि ओठ फाटतात ते बहुधा खडकाने नव्हे, शेजाऱ्याच्या मोकळ्या सुटलेल्या मुठीने. वल्हवताना नुसता दंड वापरू नका, कमरेतून पुढे वाका आणि पात्याचा पूर्ण भाग पाण्यात जाऊ द्या. समोर बसलेल्या दोघांच्या तालाशी ताल जुळवा. लाट आल्यावर बहुतेक जण घाबरून वल्हवणे सोडतात. खरे तर तेव्हाच वल्हवायचे असते, कारण पाण्यात रुतलेले वल्हे हाच तुमचा आधार असतो.

पाय आडव्या नळीखाली किंवा पायासाठी केलेल्या खोबणीत अडकवायचे, पण चवड्यापुरतेच. घोट्यापर्यंत घुसवला तर पडताना पाय आत राहतो.

प्रश्न : कपडे, चष्मा, मोबाइल यांचे काय करावे? — वाचक, सातपूर

जीन्स आणि जाड सुती कपडे नकोत, ओले झाले की जड होतात आणि अंगाला घासतात. ट्रॅक पँट आणि लांब बाह्यांचा लवकर वाळणारा टी-शर्ट चांगला. ओढणी, साडी, गळ्यातले मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या मुक्कामावर ठेवा. अंगठी दोरीत अडकून बोटाला गंभीर इजा होऊ शकते. पायात नाडीचे जुने बूट किंवा टाचेला पट्टा असलेली सँडल, चप्पल अजिबात नको. चष्म्याला मागून इलॅस्टिकची दोरी बांधा. मोबाइल काठावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पाऊचवर विश्वास ठेवून गमावलेले मोबाइल पुष्कळ आहेत, शिवाय फोटो काढणारा हात वल्ह्यावर नसतो. ऑक्टोबरचे ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन हनुवटीखालीही भाजते. निघण्याआधी अर्धा तास सनस्क्रीन लावा, मांड्यांचा वरचा भाग आणि पायाचे पंजे विसरू नका. कपाळावर मात्र जास्त लावू नका, पाण्याबरोबर डोळ्यांत उतरते.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी बायपास झालेली. पत्नीला दमा आहे. मुलगी ११ वर्षांची. सगळे मिळून जाता येईल का? — वाचक, देवळाली कॅम्प

मुलीला या वर्षी नको. साधारणतः १४ वर्षांखालील मुलांना रॅपिडवर नेत नाहीत. मोठ्यांचे जॅकेट आणि हेल्मेट लहान अंगावर बसत नाही, हे त्याचे मोठे कारण. वय जास्त सांगून तिला बसवू नका. संथ पाण्यातले कयाकिंग, म्हणजे छोट्या अरुंद होडीतून वल्हवणे, तिच्यासाठी आहे.

वडिलांनी हृदयरोगतज्ज्ञाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जाऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव करू शकतो, हे डॉक्टरांशी बोलताना मुद्दाम विचारा. पत्नीचा दमा आटोक्यात असेल तर जाता येईल, पण इन्हेलर गाइडच्या जलरोधक पिशवीत हवा आणि तो तिथे आहे हे गाइडला माहीत हवे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्याच पिशवीत चिक्की किंवा साखर ठेवावी.

गरोदरपणात कोणत्याही महिन्यात, फिट्सचा आजार असताना, कानाच्या पडद्याला भोक असताना आणि नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेनंतर राफ्टिंग टाळा. एकदा खांदा निखळलेला असेल तर तो वल्हवताना पुन्हा निखळू शकतो. दारू घेतलेल्या माणसाला राफ्टमध्ये घेऊ नये, आदल्या रात्रीची उतरली नसेल तरीही. तुमच्या गटात असा कुणी असेल तर गाइडला तुम्हीच सांगा.

प्रश्न : आयोजक चांगला की वाईट, हे पैसे भरण्याआधी कसे ओळखावे? — वाचक, नाशिक शहर

महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागा. मग फोनवर विचारा : एका राफ्टमध्ये किती माणसे बसवता? (सुमारे १४ फुटी राफ्टमध्ये गाइड सोडून ६ ते ८ योग्य.) बरोबर सेफ्टी कयाक (पडलेल्यांना उचलायला सोबत चालणारी छोटी होडी) असते का? गाइडने प्रथमोपचार आणि जलबचावाचे प्रशिक्षण घेतले आहे का? विमा आहे का? पाणी नेहमीपेक्षा जास्त असेल तर फेरी रद्द करता का आणि पैसे परत देता का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक ऐका. ‘आमच्याकडे कधीच रद्द होत नाही’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

काठावर पोहोचल्यावर सूचनांना किती वेळ देतात, ते बघा. पंधरा-वीस मिनिटे नीट समजावून, प्रत्येकाचे जॅकेट हाताने ओढून बघणारा गाइड चांगला. दोन मिनिटांत ‘चला, बसा’ म्हणणाऱ्याला थांबवून राहिलेले विचारा. गाइडकडे १५ ते २० मीटर दोरीची पिशवी आणि चाकू दिसायला हवा. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा कडाडतात. गडगडाट ऐकू आला तर पाण्याबाहेर काढायला सांगणे हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : कोलाड एकदा झाले. आता ऋषिकेश करायचे आहे. सप्टेंबर अखेर बरी की नोव्हेंबर? — वाचक, इंदिरानगर

पहिल्यांदा जात असाल तर नोव्हेंबर. पावसाळ्यात गंगेवरचे राफ्टिंग बंद असते आणि सप्टेंबरात पुन्हा सुरू होते. तेव्हा पाणी मोठे, वेगवान आणि गढूळ असते. खालचे खडक दिसत नाहीत आणि काही टप्पे बंदही ठेवतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर गाळ बसतो, पाणी हिरवट-निळे होते, पातळी उतरते आणि रॅपिडचा आकार स्पष्ट दिसू लागतो.

कोलाड आणि ऋषिकेश यांत खरा फरक थंडीचा आहे. गंगेचे पाणी हिमनद्यांकडून येते. अशा पाण्यात एकदम पडले की छाती आवळते, श्वास धापा टाकल्यासारखा होतो आणि त्या पहिल्या मिनिटात तोंडात पाणी जाण्याचा धोका असतो. तेव्हा पोहण्याची धडपड न करता फक्त तरंगत श्वास ताब्यात आणायचा. नोव्हेंबरात वेटसूट (थंड पाण्यात अंग उबदार ठेवणारा घट्ट रबरी पोशाख) मागून घ्या.

ब्रह्मपुरीपासूनचा सुमारे ९ किलोमीटरचा टप्पा सौम्य, शिवपुरीपासूनचा सुमारे १६ किलोमीटरचा मध्यम. कोलाड केलेल्यांना शिवपुरी योग्य. कौडियालापासूनच्या लांब टप्प्यावर ‘द वॉल’ हे अवघड रॅपिड आहे, तिथे अनुभव नसताना जाऊ नका.

प्रश्न : राफ्टिंगहून आल्यावर आठवड्याने ताप आला. संबंध असू शकतो का? — वाचक, सिन्नर

असू शकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर नदीच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदीर व गुरांच्या मूत्रातले जंतू खरचटलेल्या त्वचेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांवाटे शिरतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, सोबत अंग आणि विशेषतः पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. तापाची गोळी घेऊन वाट बघू नका. आजच डॉक्टरांकडे जा आणि अमुक तारखेला कोकणातल्या नदीत उतरलो होतो, हे स्वतःहून सांगा. नाशिकच्या डॉक्टरांच्या मनात ऐन ऑक्टोबरात आधी डेंग्यू येईल. नदीचे सांगितले तर लेप्टोस्पायरोसिसचीही तपासणी लगेच होईल. तुमच्याबरोबर राफ्टमध्ये असलेल्यांनाही फोन करून कळवा.